कड्याला बदली हवी

त्या गावच्या कड्याची ख्याती अशी, की अलीकडच्या दगडावरून एखादा पैलवान घोगऱ्या आवाजात ओरडला, तरी दरीपलीकडून परत यायचा तो विशीतल्या पोरीचा आवाज. शब्द पैलवानाचे, गळा पोरीचा. पैलवान आधी हसायचा, मग मागे वळून बघायचा, मग पुन्हा ओरडायचा, आणि तिसऱ्या खेपेला त्याच्या अंगावर काटा यायचा. लोक लांबून यायचे ते या काट्यासाठीच. आपल्याला काही काटाबिटा आला नाही, असं आजवर एकच जण म्हणाला. तो जन्माचा बहिरा होता.

शिकलेली मंडळी येऊन गेली. खडकाची ठेवण, दरीचा कोन, हवेतला ओलावा असं काय काय त्यांनी कागदावर उतरवलं. गावानं माना डोलावल्या. एवढी चढण चढून आलेल्या माणसाचं मन कशाला मोडा?

गावातली लाकडाची वखार बंद पडली तेव्हा पुरुष गाड्या चालवायला पांगले, आणि बायका घरी बसल्या होत्या त्या बसूनच राहिल्या. मग तीन वर्षांपूर्वी प्रकल्प आला. प्रकल्पाची जी बाई आली तिला सगळे प्रकल्पताई म्हणत. तिनं आठ बायकांचा संघ केला, त्यांना पाहुण्यांना वाट दाखवायचं काम शिकवलं, घराघरांतल्या रिकाम्या खोल्यांत पांढऱ्या चादरींच्या खाटा लावून दिल्या, आणि पाटी ठोकली: बाटल्या आणू नका, झाडं तोडू नका, जे आणाल ते परत न्या. कड्यानं मात्र ती पाटी वाचली नव्हती, हे पुढं कळलं.

त्या आठ जणींत सगळ्यात लहान होती धाकटी. घरातली धाकटी सून, म्हणून गावाचीही धाकटी. लग्नानंतर चार वर्षं तिनं खिडकीत बसून काढली होती. आता तिच्या पायांत स्वतःच्या पगारातून घेतलेले बूट होते, जाड तळाचे, शेवाळावर न घसरणारे. घरी आली की ती ते पुसून उशाशी ठेवायची. नवरा म्हणायचा, "मला एवढं कधी पुसलं नाहीस."

"तुम्ही घसरता," ती म्हणायची.

काम असं: चाळीस माणसं दोराला धरून हाकेच्या दगडापर्यंत न्यायची. तिथं शिकवायचं, की हातांचा पेला करून तोंडाला लावा, शेवटचा शब्द लांबवा, आणि मग गप्प बसा. गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड. संघाची म्होरकी, जिला तिच्या गळ्यामुळं सगळे तोफ म्हणत, ती पाहुण्यांना दटावायची, "अहो, हाक मारलीत ना? मग उत्तराला जागा नको का?"

धाकटीचे कान फार तिखट. पहिल्या दिवसापासून तिला एक गोष्ट खटकत होती. 'हो' म्हणताना कड्यातली पोर शब्दाच्या आधी हलकेच श्वास ओढायची. आता हाक परत येते म्हणजे भिंतीवर चेंडू आपटून परत येतो तशी, असं प्रकल्पताईनं शिकवलं होतं. चेंडू कधी श्वास घेतो का?

पण कामावर असताना असं काही विचारू नये, एवढं शहाणपण तिला होतं.

हंगामाच्या तोंडाशी तिचा पाय मुरगळला. आठ दिवस घरी बसायची वेळ आली. घरात दिवसभर दोघीच: ती आणि सासूबाई. सासरे समोरच्या खोलीत रेडिओला कान लावून. ते असून नसून सारखेच.

सासूबाई मुक्या होत्या. जन्मापासून नाही, एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाला वर्ष होतं न होतं तोच वाचा गेली, एवढंच घरात सांगत. कशानं गेली हे कुणी सांगत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्या खिडकीत बसून पाहुण्यांच्या खोल्यांच्या चादरी सांधायच्या, आणि त्यांचे ओठ सारखे हलत असायचे. गाव म्हणायचं, "मुकी वारा चघळते." धाकटीलाही ते इतकं सवयीचं झालं होतं, की भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीकडे लक्ष जाऊ नये तसं तिचं त्या ओठांकडे लक्ष जात नसे.

त्या दिवशी हवा पडलेली होती. पान हलत नव्हतं. दरीवरून पाहुण्यांच्या हाका स्वच्छ ऐकू येत होत्या. कुणी तरी पुरुष जीव तोडून ओरडला, "माझ्याशी लग्न कर!"

धाकटीला हसू आलं. तिनं सहज मान वळवली. सासूबाईंची सुई चादरीत अडकून थांबली होती, डोळे टाक्यावर होते, आणि ओठ म्हणत होते: लग्न कर.

मग दरीवरून पोरीचा आवाज आला, "लग्न कर..."

आधी ओठ. मग आवाज.

धाकटी पुढं सरकून बसली. पुढची हाक आली, "आम्ही आलो!" सासूबाईंनी हलकेच श्वास ओढला. ओठ म्हणाले: आलो. आणि कडा म्हणाला, "आलो."

दिवसभर धाकटी बसून बघत राहिली. शिट्टी आली तर सासूबाईंच्या ओठांचा चंबू व्हायचा. कुणी शिवी घातली तर त्यांच्या ओठांवर शिवी उमटायची, आणि डोळ्यांत लाज उतरायची. एकाच वेळी पाच जण ओरडले, तेव्हा त्यांची मान अशी थरथरली की सुई बोटात घुसली. दुपारी खालचा ओठ फुटला. चादरीवर रक्ताचा थेंब पडला. त्यांनी तो थुंकी लावून पुसला, अगदी सराईतपणे, आणि चादर उलटी केली. धाकटीनं उठून घडी घातलेल्या चादरी उलट्या करून पाहिल्या. एकही कोरी नव्हती.

संध्याकाळी दगडावरची शेवटची टोळी उतरली. हाका थांबल्या. सासूबाईंचे ओठ थांबले. एखाद्या हमालानं ओझं उतरवून भिंतीला टेकावं तशा त्या टेकल्या.

धाकटी त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली. म्हणाली, "आई, माझ्याशी बोला. मी ओठ बघते."

सासूबाईंनी तिच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. एकतीस वर्षांत सगळे त्यांच्या हातातल्या ताटाकडे बघत आले होते. ओठांकडे बघते म्हणणारी ही पहिलीच. मग ओठ हलले, हळूहळू, एक एक शब्द नीट मांडत.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न झालं तेव्हा त्यांना काम हवं होतं. कसलंही, घराबाहेरचं. नवऱ्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "बाईला कोण काम देणार? जा, त्या कड्याला विचार." तो हिवाळा कड्याच्या मुकेपणाचा होता. चाळीस दिवस कडा बोलला नव्हता. डाकबंगल्याची धुणंवाली, जी मुकीच होती, ती वारल्यापासून बोलला नव्हता. पण हे दोन धागे कुणी जोडले नाहीत. धुणंवालीकडे तरी कोण लक्ष देतो? तर त्या रागारागानं दगडावर गेल्या आणि ओरडल्या, "काम आहे का?"

पलीकडून त्यांच्याच आवाजात उत्तर आलं, "आहे."

'देवा' म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात काही नव्हतं.

"किती वाजेपर्यंत, सुट्टी कधी, हे विचारायचं राहून गेलं," सासूबाईंचे ओठ म्हणाले. मग किंचित वाकडे झाले. हसत होत्या. "पहिलंच काम होतं गं."

धाकटीला हसता येईना. "आई, आधी आठवड्याला दोन-चार माणसं यायची. आता रोज चाळिसांच्या तीन टोळ्या येतात. आम्ही आणतो. मी आणते!"

सासूबाईंनी तिच्या बुटांकडे पाहिलं. ओठ म्हणाले: छान आहेत.

पाय बरा झाला आणि प्रकल्पताई बातमी घेऊन आली. खानावळीत आठी जणींना बसवून ती म्हणाली, "आनंदाची गोष्ट! वरून मंजुरी आली. या हंगामात रोज चारशे पाहुणे. दगडाजवळ कर्णा बसवू, म्हणजे ओरडायचेही कष्ट नकोत. अजून वीस बायकांना काम मिळेल."

टाळ्या पडल्या. धाकटीनं मात्र मांडीवरचे हात उचलले नाहीत. तिच्या डोळ्यांपुढं ती थरथरणारी मान आली. पाच हाकांना सुई बोटात घुसली होती. चारशेंना काय होईल? आणि कर्ण्याला?

प्रकल्पताई गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. तोफ म्हणाली, "धाकटे, पाय मुरगळला होता की डोकं?"

"मग चल, पारख कर."

तोफ पारखीला तयार झाली. सासूबाईंना खानावळीत आणून बसवलं, तोफ त्यांच्यासमोर नाकाला नाक लावून बसली, आणि सहा जणी दगडावर गेल्या. काय ओरडायचं ते तोफेला सांगितलेलं नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. तोफ जांभई द्यायला लागली. आणि सासूबाईंनी श्वास ओढला. ओठ अगदी सावकाश म्हणाले: लोणच्याची बरणी तोफेनंच फोडली.

तेवढ्यात लांबून पोरीचा आवाज आला, "तोफेनंच फोडली..."

तोफेची जांभई अर्ध्यावर राहिली. ती खुर्चीसकट मागे सरकली. त्यानंतर दिवसभर तिनं आवाज चढवला नाही, यावरून ती किती घाबरली असेल ते ओळखा.

संध्याकाळी पुन्हा बैठक बसली. खानावळवाली, जी संघातली सगळ्यात हिशेबी बाई, ती चमचा पुसत म्हणाली, "समजा, यांना सोडवलं. तर कडा मुका. कडा मुका तर पाहुणे नाहीत. पाहुणे नाहीत तर आपण आठी जणी पुन्हा खिडकीत. मला माझ्या खिडकीत परत जायचं नाही, आधीच सांगते."

कुणी तरी म्हणालं, "खरं आहे गं. एकटीचा प्रश्न आणि आठ घरं..."

"आणि यांचं वय झालंय," तिसरी हळूच म्हणाली. "किती दिवसांचं आहे ते."

"या मुक्या आहेत," धाकटी म्हणाली, "बहिऱ्या नाहीत."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. सासूबाई तिथंच बसल्या होत्या, हातांत चादर घेऊन. त्यांनी टाका पुरा केला आणि दोरा दातानं तोडला. तो तुटल्याचा आवाज खानावळीत सगळ्यांना ऐकू आला.

"आणि या गेल्या, की मग?" धाकटी म्हणाली. "चाळीस दिवस कडा गप्प, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी कुणाची तरी सून रागारागानं वर जाईल. कुणाची जाईल गं? तुझी? तुझी?"

खानावळवालीच्या हातातला चमचा एव्हाना इतका स्वच्छ झाला होता, की त्यात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. तिनं तो पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी धुक्यामुळं वाट बंद होती. पाहुणे नव्हते. आठी जणी सासूबाईंना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, हाकेच्या दगडावर घेऊन गेल्या. दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. कडा दिसत नव्हता. पण दार लोटलेल्या खोलीत कुणी तरी बसलेलं असलं की बाहेरून कळतं ना, तसं तो तिथं आहे हे कळत होतं.

धाकटी पुढं झाली. तिनं रात्रभर ठरवून ठेवलं होतं. मालकाशी बोलताना विनवायचं नाही, सांगायचं. आणि हा मालक तर असा, की सांगाल ते त्याला परत म्हणावंच लागतं.

"ड्यूटी एका दिवसाची!" ती ओरडली.

खुर्चीत सासूबाईंचे ओठ हलले. धुक्यातून आवाज आला, "एका दिवसाची."

"रोज साठच माणसं!"

"साठच माणसं."

"कर्णा नाही!"

"नाही."

"बुधवारी बंद!"

"बंद."

मागून तोफ कुजबुजली, "अगं बाई, हा तर नवऱ्यापेक्षा सरळ निघाला."

धाकटीला धीर आला. तिनं हातांचा पेला केला. "आईंना सोड!"

या वेळी काहीच परत आलं नाही. सासूबाईंचे ओठ मिटलेले होते. धुकं जागचं हललं नाही. कुठं तरी खाली पाण्याचा थेंब पडला, आणि तो पडल्याचंही परत ऐकू आलं नाही. मग सासूबाईंच्या गळ्याची शीर ताठ झाली. नको नको म्हणत मान हलायला लागली. ओठ मात्र उघडले, कुणी बोटांनी उघडावेत तसे. आणि पोरीच्या आवाजात, कुणीही न मारलेली हाक परत आली:

"बदली?"

सातही जणी दोन पावलं मागे सरल्या. धाकटीही सरली; खोटं कशाला सांगा. तिला नवऱ्याशी चालणारी थट्टा आठवली, पाहुण्यांना सांगायच्या गोष्टी आठवल्या. तिचं काम म्हणजे तिचा आवाजच होता. मग तिची नजर खाली गेली. शेवाळावर सगळ्यांच्या चपला घसरत होत्या. तिचे बूट तेवढे घट्ट होते.

"मी," ती म्हणाली. "एक दिवस."

"एक दिवस," कडा म्हणाला. तो धाकटीचा आवाज होता.

घसा अचानक गार पडला, पाणी पिताना भांडं रिकामं निघावं तसा. मागून खुर्ची करकरली. एक कोवळा, विशीतला आवाज, पन्नाशी ओलांडलेल्या सुरकुतलेल्या तोंडातून म्हणाला, "धाकटे, बूट खरंच छान आहेत हो तुझे."

बायका रडल्या की किंचाळल्या, हे धाकटीला कळलं नाही. कुणी तरी तिला सासूबाईंच्या जागी खुर्चीत बसवलं; ती खुर्चीतही होती, आणि कड्याच्या आतही होती.

आत अंधार नव्हता. राखाडी उजेड होता, बंद दुकानात असतो तसा. बायकांचं रडणं आत येऊन पडलं तेव्हा तिनं ते उचललं आणि परत दिलं. हात आपोआप चालत होते. काम अवघड नव्हतं. एका दिवसापुरतं तर मुळीच नव्हतं. तेवढ्यात आपल्या मागं कुणी तरी आहे असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं.

भिंतीला लागून बायका बसल्या होत्या. ओळीनं, गुडघे जवळ घेऊन, हात मांडीत ठेवून, रांगेत नंबर लावून बसावं तशा. पहिलीचे हात पाण्यानं सुरकुतलेले, बोटं पांढरी. ती धुणंवाली असणार. तिच्यापलीकडे जुन्या कपड्यांतली एक. तिच्यापलीकडे आणखी जुन्या. शेवटच्या बायकांचे चेहरे खडकासारखेच झाले होते, नाक कुठं आणि भेग कुठं हे सांगता येत नव्हतं.  सगळ्या धाकटीकडे बघत होत्या. रागानं नाही, आशेनंही नाही. नुसत्या, बस येते का हे बघावं तशा. त्यांची बदली कधी आलीच नव्हती. त्या वारल्या होत्या. ड्यूटी सुटली नव्हती.

आणि धुणंवालीच्या अलीकडे एक जागा रिकामी होती. स्वच्छ पुसून ठेवलेली.

त्या संध्याकाळी घरी जेवणाच्या वेळी सासऱ्यांनी नेहमीसारखा रेडिओ बारीक केला आणि ताटासाठी हात पुढं केला. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "विचारलं."

सासऱ्यांचा हात हवेतच राहिला. हा आवाज त्यांनी घरात एक वर्ष ऐकला होता, एकतीस वर्षांपूर्वी; दरीवरून रोज यायचा, तेव्हा त्यांचा कान रेडिओला असायचा. तो तसाच होता. एक दिवसही म्हातारा झाला नव्हता.

"क... काय विचारलंस?"

"कड्याला. काम आहे का म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, जा विचार? आहे म्हणाला." त्यांनी ताट खाली ठेवलं. "आणि हे तुमचं तुम्ही वाढून घ्या. मी दमलेय."

धाकटीला हसायचं होतं. तोंड उघडलं, हसण्याचा आकार झाला, पण घरात काही ऐकू आलं नाही. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला. "उद्या आवाज परत येईल ना गं?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. हो म्हणाली की माहीत नाही म्हणाली, हे त्याला कळलं नाही, तिलाही नाही. तिचं अर्धं लक्ष त्या पुसलेल्या जागेकडे होतं.

ठरलं होतं असं, की सकाळी उजाडल्यावर तोफेनं दगडावर जाऊन बदली द्यायची. धाकटी उजाडायच्या आधीच तिथं पोचली. धुकं तसंच होतं. उजाडलं. वाटेवर कुणी नव्हतं. सूर्य धुक्यामागं पिवळा झाला. वाटेवर कुणी नव्हतं.

तेव्हा तिचेच ओठ हलले. तिनं हलवले नव्हते. धुक्यातून तिच्याच आवाजात आलं, "बदली?"

धाकटीनं दोर घट्ट धरला. तोफेला आपला आवाज किती प्यारा आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन दऱ्यांपलीकडची गुरं तिच्या हाकेनं परतायची. कोण देईल? ती पुसलेली जागा आधी पाहिली असती, तर आपण तरी दिला असता का? नाही दिला, तर तोफेचं काय चुकलं?

"बदली?" कडा पुन्हा म्हणाला. या वेळी शब्दाच्या आधी श्वास नव्हता.

आत कुणी तरी जरा सरकून बसल्यासारखं वाटलं. जागा करून देतात तसं.

आणि मग वाटेवरून धापा टाकल्याचा आवाज आला. धुक्यातून तोफ वर येत होती, एका पायात चप्पल, दुसऱ्यात चिखल. तिच्यामागं खानावळवाली होती, हातांत पळी तशीच. त्यांच्यामागं उरलेल्या. सगळ्यांत मागं, काठी टेकत, सासूबाई.

"घसरले गं मेली!" तोफ ओरडली. "मला पण ते बूट घ्यायचेत आता. मी! मी आलेय! एक दिवस!"

"एक दिवस," कडा तोफेच्या गळ्यानं गरजला, आणि पलीकडून दोन धोंडे सुटून दरीत गेले.

धाकटीच्या घशात ऊब परतली. पहिला शब्द काय काढावा, हे तिला सुचेना. तिनं सासूबाईंना मिठी मारली आणि म्हणाली, "उशीर झाला हिला." एवढंच.

आठवड्याभरानं प्रकल्पताई कर्णा घेऊन आली, तेव्हा तिला दगडावर एक फळा दिसला. नऊ जणींची नावं नव्हती, नऊ खुणा होत्या: बूट, पळी, सुई, बरणी अशा. सहा खुणांसमोर वार, उरलेल्या तीन अडीनडीच्या बदलीला. खाली लिहिलं होतं: रोज साठ माणसं, माणशी तीन हाका, बुधवारी बंद.

"साठ हा आकडा कशावरून काढलात?" प्रकल्पताईनं विचारलं. तिच्या शिक्षणात याला वहनक्षमता म्हणतात, आणि ती काढायला यंत्रं लागतात.

"घसा बसला की थांबायचं," खानावळवाली म्हणाली. "याहून वेगळं काय असतं?"

प्रकल्पताईनं पुष्कळ वाद घातला. त्या दिवशी ड्यूटी तोफेची होती. शेवटी ताई वैतागून दरीकडे वळून ओरडली, "अहो, पण वीस बायकांचं काम बुडेल!" आणि कड्यानं अशा आवाजात "बुडेल" म्हटलं, की तिचा चष्मा नाकावरून उतरला. तिनं मागं पाहिलं. खुर्चीत बसलेल्या तोफेचे ओठ नुकतेच मिटत होते. प्रकल्पताई हुशार बाई. तिनं चष्मा नीट बसवला. कर्णा परत नेला, आणि वीस बायकांसाठी वरच्या रानातल्या पक्ष्यांच्या वाटेचा नवा प्रस्ताव लिहिला. तिथले पक्षी पगारी नव्हते, याची मात्र तिनं आधी दोनदा खात्री करून घेतली.

आता पाहुणे वार बघून येतात. नाजूक काळजाचे सोमवारी, धाकटीच्या दिवशी. तोफेच्या शनिवारी लोक कानांत बोळे घालून येतात आणि खूश होऊन जातात.

फळा लिहिताना मंगळवार कुणी घेईना. मंगळवारवालीला बुधवारही मुका काढावा लागतो, कारण बुधवारी बदली द्यायला कुणी जात नाही. चिठ्ठ्या टाकायचं चाललं होतं, तेवढ्यात सासूबाईंनी सुई उचलली आणि फळ्यावर मंगळवारी टोचली.

"आई, तुम्ही नको," धाकटी म्हणाली. "तुमची झाली एकतीस वर्षं."

"मला काम हवं होतं गं," त्या पोरीच्या आवाजात त्या म्हणाल्या. "जन्मठेप नको होती. काम अजून हवंय." मग खाली वाकून कानाशी म्हणाल्या, "शिवाय बुधवारी हाका नसतात. मी आतल्या त्या बायकांजवळ जाऊन बसेन. परवा माझ्या पाळीत धुणंवाली जरा सरकली. तिचा आवाज कसा होता, हे तिला आठवायला लागलंय."

 दर सोमवारी आत गेली की धाकटी आधी मागं वळून बघते. बायका बसलेल्या असतात. कधी एखादी कमी वाटते. पण नीट मोजायचं धाडस होत नाही. अलीकडची ती जागा मात्र रिकामीच असते, आणि रोज कुणी तरी ती पुसून ठेवतं.

म्हणून तोफेच्या त्या पहिल्या सकाळनंतर त्या गावात आजवर एकही बाई कामाला उशिरा पोचलेली नाही.